हॅटच्या डब्यातले पीच

मंडळी, नियम कुणासाठी असतात? तुम्ही म्हणाल, सगळ्यांसाठी. आमचा क्लॅरीसुद्धा तेच म्हणायचा. टेबलावर मूठ आपटून म्हणायचा. फक्त त्याच्या मते 'सगळे' म्हणजे क्लॅरी सोडून उरलेले.

क्लॅरी ट्रेथोवन वागा गावात माझ्या कुंपणापलीकडे राहतो. जन्मभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे-मोळे विकून निवृत्त झालेला, देवभोळा नाही पण सरळ माणूस. पाण्याची टंचाई असताना कुणी नळी लावून हिरवळ भिजवली, की नगरपालिकेत पहिला फोन जायचा तो क्लॅरीचा. आणि हाच गृहस्थ अंधार पडला की मागच्या अंगणातल्या पीचच्या झाडाला बादल्या ओतायचा. विचारलं तर म्हणायचा, "अरे, एक झाड ते केवढं! माझ्या एकट्यानं काय धरण आटणार आहे?"

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. माझ्या एकट्यानं काय होतंय! तुमच्या आमच्या घरातही हे वाक्य असतंच. आपण त्याला वाक्य म्हणत नाही, सवय म्हणतो.

पण त्या झाडाची गोष्ट वेगळी होती, हेही सांगायला हवं. नात जन्मली त्या दिवशी क्लॅरीनं ते लावलं. नातीचं नाव टेगन. तिचा बाप लवकर वारला, त्यामुळे मायलेकी क्लॅरीच्याच घरी राहिल्या आणि टेगन त्या झाडाखाली वाढली. लहानपणी फ्रॉकभर रस सांडत पीच खायची आणि सांगायची, "पॉप, माझ्या लग्नात केक नको हं. आपल्या झाडाचे पीच हवेत." आमच्याकडे आजोबांना पॉप म्हणतात. त्या वेळी पॉपनं छातीवर हात ठेवून वचन दिलं होतं. आता या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, तिचं लग्न ठरलं, तेही दूर पश्चिमेला, नदीकाठच्या फळबागांच्या मुलखात, एका ग्रीक बागायतदाराच्या घरात.

आणि त्या मुलखात बाहेरचं एकही फळ न्यायला बंदी! कारण फळमाशी. आमच्या वागात ती घरोघरी आहे, तिकडे नाही. म्हणून रस्त्यावर नाका आहे, गाड्या उघडून बघतात, आणि त्याआधी किती तरी मैल पाट्या ओरडत असतात की फळं इथेच खा, नाहीतर टाका.

निघायच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि पलीकडून नवरा-बायकोचा संवाद ऐकू येत होता.

"ग्लेनिस, डिकी मी भरणार. तू फक्त सामान दारात आणून ठेव."

"माझा हॅटचा डबा मागच्या सीटवर हं. त्याच्यावर काही ठेवायचं नाही."

"ठेवलाय, ठेवलाय. तू नको हात लावू."

"आणि झाडावरचे पीच कुठे गेले रे? कालपर्यंत तर लगडलं होतं."

"काकाकुवांनी खाल्ले."

"जाळीच्या आत शिरून?"

"हल्ली फार हुशार झालेत."

ग्लेनिस सामान आणायला आत वळली. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, मागच्या बाकावर कोण काय करतंय हे तिला आरशात न बघता कळायचं. पण आपल्याच नवऱ्यावर आपल्याच अंगणात कोण संशय घेतं?

गाडी निघाली. टेगन आणि तिची आई आधीच तिकडे गेल्या होत्या. पुढचं सगळं मला ग्लेनिसनं नंतर कुंपणावरून सांगितलं आणि क्लॅरीनं मधेमधे दुरुस्त्या केल्या. दुरुस्त्या मी सोडून दिल्या आहेत.

हे नावाच्या गावाजवळच्या माळावर ऊन असं होतं की गाडीचं स्टिअरिंग धरायला हातरुमाल लागत होता. दोन्हीकडे सपाट, ना झाड ना टेकडी. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला क्लॅरी रीतीप्रमाणे एक बोट उचलून सलाम करत होता आणि शेजारी ग्लेनिस खाण्याच्या डब्यातले प्लम एकेक करून त्याच्या तोंडात कोंबत होती.

"पुरे गं! माझं पोट आहे का पिंप?"

"नाक्याआधी संपवायलाच हवेत. टाकून द्यायचे का?"

"एखाद-दुसरा राहिला तर काय बिघडतं? माझ्या एकट्या..."

"क्लॅरी!"

"खातो, खातो."

नाक्यावर रांग होती. पुढच्या कॅरॅव्हॅनमधलं एक कुटुंब उन्हात उभं राहून द्राक्षं संपवत होतं. आई, बाप, तीन पोरं, गाल फुगवून नुसती चावत सुटली होती. बाजूला एक म्हातारा आंब्याची कोय चोखत कचरापेटीकडे अशा चेहऱ्यानं चालला होता जणू जवळचं कुणी गेलंय. क्लॅरीनं काच खाली केली.

"शाबास! असंच पाहिजे. नियम म्हणजे नियम!"

तपासणीला जेड नावाची एक तरणीताठी मुलगी होती. तिनं विचारलं, "फळं, भाज्या, काही आहे का?"

"छे! अहो, आम्ही जबाबदार माणसं."

"मागे तो गोल डबा कसला?"

"माझी हॅट," ग्लेनिस म्हणाली. "नातीचं लग्न आहे. बघा ना, उघडा." आणि अगदी कौतुकानं तिनं स्वतःच झाकण उचललं.

जांभळी हॅट, वर पिसांचा तुरा, भोवती पातळ पांढऱ्या कागदांची गादी. जेडनं हात घालण्याआधीच क्लॅरीनं भाषण सुरू केलं. "तुम्हाला सांगतो, लोक फार लबाड असतात. टायरमध्ये लपवतात, उशीत लपवतात! असा कुणी सापडला ना, तर सोडू नका. वय बघू नका, रडणं बघू नका, लग्न बघू नका!"

जेड हसली. मागे हॉर्न वाजत होते. "हॅट छान आहे हो," असं म्हणून तिनं त्यांना जाऊ दिलं.

तुम्ही ओळखलंच असेल, मंडळी. हॅटखाली, कागदांच्या गादीत, अर्धवट पिकलेले पीच गुण्यागोविंदानं झोपले होते.

संध्याकाळी ते बागेवर पोचले. नवरदेव थानासीच्या घरी खरं राज्य होतं त्याच्या आजीचं. स्टामाटिया आजी. काळा पोशाख, हातात कायम काहीतरी खायचं. क्लॅरीला अंगणात उतरून धड पाठही सरळ करू दिली नाही, लगेच पालकाच्या पातोड्या आणि मेंढीचं मटण समोर.

"खा. तू वाळलायस."

"अहो, माझा पट्टा लागत नाहीये!"

"पट्टा वाईट असेल. खा."

टेगन पळत आली आणि पॉपच्या गळ्यात पडली. तिला उद्या चर्चमध्ये हाताला धरून न्यायचं होतं ते त्यानंच. "पॉप, यंदा आपले पीच कसे आलेत रे? लग्नात केक नको म्हणायचे मी, आठवतं?"

"आठवतं की," क्लॅरी म्हणाला आणि डोळा मिचकावला. बिचाऱ्याला त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. आणि बंद डब्यात, उकाड्यात, पीच रातोरात पिकले.

सकाळी ग्लेनिसनं हॅट काढायला डबा उघडला आणि खोली वासानं भरून गेली. तिनं हॅट उचलली. हॅटला रसाचा ओला डाग. खाली बघितलं.

"क्लॅ-री!"

ती हाक बागेच्या दुसऱ्या टोकाला पंपावर काम करणाऱ्या माणसालाही ऐकू गेली म्हणे. क्लॅरी अंगात नवा कोट, पायात नुसते मोजे, असा धावत आला.

"हळू बोल गं!"

"हळू? तू माझ्या तोंडून त्या पोरीशी खोटं वदवलंस! मी झाकण उचलून दाखवलं रे तिला, कौतुकानं! काकाकुवा हुशार झालेत काय? सगळ्यात मोठा काकाकुवा माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता!"

"वचन दिलं होतं मी टेगनला. आणि एवढ्याशा पीचनं काय होतंय? माझं झाड स्वच्छ आहे. माझ्या एकट्यानं..."

"हा वास माझ्या बागेतला नाही," दारातून आवाज आला.

स्टामाटिया आजी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला. डब्यात बघितलं. तिचा चेहरा असा उतरला की क्लॅरीच्या तोंडचं पाणीच पळालं. ओरडली असती तर बरं झालं असतं, ती ओरडलीच नाही.

"माझ्या घरात साप आणला असतास तर चाललं असतं," ती म्हणाली. "साप एकटा असतो."

"अहो आजी, मी काही वाईट हेतूनं..."

"वाईट हेतूनं कोण आणतं रे फळ? सगळे प्रेमानंच आणतात. थानासी शाळेत होता त्या वर्षी असंच एकजण कुणासाठी तरी प्रेमानं काहीतरी घेऊन आला. कोण होता, आजवर कळलं नाही. त्यालाही कळलं नसेल. तो खाऊन-पिऊन आपल्या घरी गेला. आणि आमच्या झाडांवर अळी निघाली. उभं पीक तोडून खड्ड्यात घातलं आम्ही. माझ्याच हातांनी घातलं. आसपासच्या सगळ्या बागांना माल बाहेर पाठवायची बंदी. माझा नवरा त्या उन्हाळ्यात व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. बागेकडे बघवायचं नाही त्याला."

"पण माझे पीच तसे नाहीत हो!" क्लॅरी कळवळून म्हणाला. "मुलासारखं वाढवलंय मी ते झाड."

आजीनं ट्रेमधली सुरी उचलून त्याच्या हातात दिली. "काप."

क्लॅरीनं एक पीच कापला. आत पांढराशुभ्र गर. त्याला धीर आला. "बघा!" दुसरा कापला. तोही चांगला. आता तर तो ऐटीत आला आणि सगळ्यात सुंदर, गुलाबी गालाचा जो पीच त्यानं खास टेगनसाठी निवडला होता, तो त्यानं हातात घेतला. "हा तर राजा आहे राजा!"

राजा कापला. बियेभोवती गर तपकिरी, लिबलिबीत, आणि त्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

अरेरे! त्या क्षणी क्लॅरीकडे बघवलं नसतं तुम्हाला. खिडकीतून समोर बाग दिसत होती, ओळीनं झाडं, फळांनी वाकलेली. त्याच बागेवर त्याच्या नातीचा संसार उभा राहणार होता. आणि लग्नाच्या दिवशी आहेर म्हणून तो तिला हे देणार होता!

"मी... मी हे मागे खड्डा करून पुरून टाकतो," तो पुटपुटला.

"माझ्या मातीत?" आजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "अळी मातीत जाऊनच माशी होते रे बाबा! पुरतोस काय, पेरतोयस!"

"मग जाळू?"

"नको. नाक्यावर जा. पिशवीत घट्ट बांध, डबा घे, हॅट घे, कागद घे, सगळं घे. आणि सांग त्यांना."

"आज? लग्नाच्या दिवशी? उशीर झाला तर? टेगनला कोण नेईल हाताला धरून?"

"उशीर झाला तर ती थांबेल," आजी म्हणाली. "माशी थांबणार नाही."

क्लॅरीनं बायकोकडे बघितलं. ती आधीच गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती. "सरक. मी चालवते. तुझ्यावर आज कसलाच भरवसा नाही."

मंडळी, शाळेची बस जन्मभर संथपणे चालवलेल्या त्या बाईनं त्या दिवशी गाडी कशी चालवली ते क्लॅरी अजून सांगत नाही. नुसते डोळे मिटून घेतो.

नाक्यावर बागांच्या मुलखाकडून उलट येणारी एकच गाडी. त्यातून उतरला कोण? नवा कोट, छातीला पांढरं फूल, हातात बायकी हॅटचा डबा आणि गाठ मारलेली पिशवी. रांगेतली माणसं सफरचंदं चावता चावता थांबली. जेडनं त्याला लगेच ओळखलं.

"अरे, तुम्ही! काल लबाडांबद्दल बोलत होता ते!"

"तोच," क्लॅरी म्हणाला. "लबाड सापडलाय. हा उभा आहे."

त्यानं पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. मधे कुठे वचन, कुठे नातीचं लहानपण घुसवायला गेला, पण ग्लेनिसनं कोपरानं ढोसलं की परत मुद्द्यावर यायचा. जेडनं पिशवी नीट पाहिली आणि तिचा चेहरा गंभीर झाला. कुठे उघडला डबा, कुठे ठेवला, एखादा पीच बाहेर तर पडला नाही ना, सगळं खोदून खोदून विचारलं.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "सगळे याच्यात आहेत. सुरीसुद्धा आणलीय, आजीनं दिली."

"बरं झालं आणलंत. पण दंड भरावा लागेल."

"अहो, स्वतः होऊन आलोय मी. माझं वय बघा. आणि नातीचं लग्न..."

जेडनं मान वर केली. "काल तुम्हीच म्हणालात ना? वय बघू नका, लग्न बघू नका?"

रांगेत कुणीतरी खो-खो हसलं. क्लॅरी लाल झाला, पण त्यानं मान डोलावली. "बरोबर म्हणालो होतो," तो म्हणाला. "एका गाढवानं ऐकलं नाही, एवढंच."

डबा जेडनं ठेवून घेतला. हॅट मात्र तिनं उलटीपालटी करून, पीस न् पीस बघून, ग्लेनिसला परत दिली. "हिच्यात काही नाही. डाग आहे नुसता. घालता येईल."

चर्चपाशी सगळे उन्हात ताटकळत होते. पाद्रीबुवा घाम पुसत होते, थानासीचे काका-मामा घड्याळं बघत होते. गाडी धुरळा उडवत आली, क्लॅरी उतरला, आणि पांढऱ्या झग्यातली टेगन त्याच्या समोर आली.

"पॉप, कुठे होतास? मला किती भीती वाटली!"

सहा फुटी क्लॅरी, लहान पोरासारखा उभा. "टेग, मी तुझ्यासाठी आपले पीच आणले होते," तो म्हणाला. "चोरून. आणि त्यांच्यात अळी निघाली. तुझ्या बागेत आणली होती मी ती, स्वतःच्या हातानं. परत देऊन आलो. आता माझ्याकडे तुला द्यायला काहीच नाही गं."

टेगन काही बोलणार, तेवढ्यात ग्लेनिस तिला मिठी मारायला पुढे झाली, डोक्यावर ती डागाळलेली जांभळी हॅट. टेगन आजीच्या खांद्यावर टेकली आणि एकदम थांबली. परत नाक जवळ नेलं. मग तिनं सरळ हॅटच काढून घेतली आणि आत तोंड खुपसलं.

"आपलं झाड!" ती आतून ओरडली. "पॉप, आपल्या झाडाचा वास येतोय!"

हसावं की रडावं तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही केलं. डोळ्यांचं काजळ गालावर, पिसांचा तुरा कानात. "झालं की वचन पुरं. चल आता, माझा नवरा पळून जायच्या आत मला आत ने."

आणि ती नववधू एका हातात पॉपचा हात आणि दुसऱ्या हातात फुलांऐवजी जांभळी हॅट घेऊन चर्चमध्ये गेली. स्टामाटिया आजीनं ते बघितलं आणि छातीवर क्रॉसची खूण केली. ग्लेनिस म्हणते तो आशीर्वाद होता. क्लॅरी म्हणतो तिला फक्त हॅट आवडली नव्हती.

रात्री जेवणावळीत वधूच्या आजोबांनी दोन शब्द बोलायचे असतात. क्लॅरीनं लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि उभा राहिला.

"मी जन्मभर म्हणत आलो, माझ्या एकट्यानं काय होतंय! आज सकाळी कळलं. या बागांचा सत्यानाश करायला दोन माणसं लागत नाहीत. एकटा पुरतो. आणि तो एकटा कुणी राक्षस नसतो हो. तो लग्नाला आलेला, नातीवर जीव असलेला, माझ्यासारखा म्हातारा असतो!"

स्टामाटिया आजी उठली, तिनं क्लॅरीच्या ताटात मटणाचा आणखी एक भला मोठा तुकडा वाढला आणि म्हणाली, "खा. आता बरा दिसतोस."

परत आल्यापासून क्लॅरी बदलला आहे, म्हणजे आमचं जिणं कठीण केलं आहे. आल्या आल्या त्यानं झाडावरचं उरलंसुरलं फळ उतरवून आतली अळी मरावी म्हणून पिशव्यांत बांधून उन्हात तापवलं, खाली पडलेला एकेक पीच वेचला, माशीचे सापळे टांगले. मग गल्लीतल्या प्रत्येक अंगणात शिडी घेऊन हजर. पण पूर्वीसारखा दुसऱ्याला दम देत नाही. आधी सांगतो, "माझ्या झाडात निघाली होती बरं का," आणि मग विचारतो, "तुमचं बघू का?" बादल्यांचा अंधारातला कार्यक्रमही बंद झाला आहे. परवा मी सहज म्हटलं, "अरे, एका झाडानं काय होतंय?" तर शिडीवरून खाली उतरला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मी निमूट घरात जाऊन सापळ्यासाठी खिळा घेऊन आलो.

मंडळी, आपण सगळे चांगली माणसं आहोत, यात शंका नाही. पण नियम मोडताना आपण स्वतःला जे कारण देतो, ते नेहमी चांगलंच असतं. कधी नातीवरचं प्रेम, कधी एकच झाड, कधी आजचाच दिवस. समाजाचं नुकसान बहुतेक वेळा दुष्टपणानं होत नाही, ते अशा चांगल्या कारणांनीच होतं. तेव्हा पुढच्या वेळी 'माझ्या एकट्यानं काय होतंय' हे वाक्य ओठांवर आलं, तर ते तिथेच थांबवा आणि आधी डब्यातली हॅट उचलून खाली काय दडलंय ते बघा.

आणि ती हॅट? टेगननं ती परत दिलीच नाही. बागेतल्या घरात, दाराच्या मागे खुंटीवर टांगली आहे. वास कधीच उडून गेला, असं थानासी सांगतो. टेगन म्हणते, त्याला नाक नाही.